तारीख एकच, भाडं दोनदा

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी एक लग्नपत्रिका आली. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न. मी स्थळ वाचलं, तारीख वाचली आणि पुन्हा दोन्ही वाचलं. इंदूरच्या रिंग रोडवरचा तोच हॉल, वैशाखातली तीच तारीख. त्या दिवशी त्या हॉलमध्ये माझ्या पुतण्याची मुंज व्हायची होती. आई गेल्यामुळे आम्ही ती रद्द केली होती, आणि ‘आता ही तारीख रिकामी जाणार’ असं सांगून मालकांनी आमचे साठ हजार रुपये ठेवून घेतले होते.

बुकिंग मार्गशीर्षात झालं होतं. भाडं १,२०,००० रुपये. निम्मी रक्कम आगाऊ भरली, चाळीस हजार यूपीआयने आणि वीस हजार रोख. रोख रकमेची मिळाली ती कच्ची रसीद. फाल्गुनात आई गेली. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात मंगलकार्य नको, हे दादाने तेराव्याच्या दिवशीच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे हॉलवर गेलो. मुंजीला अजून एक्कावन्न दिवस होते. मॅनेजरने पावती उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या सहाव्या ओळीवर बोट ठेवलं: ‘बुकिंग निरस्त होने पर ५० प्रतिशत राशि काटी जाएगी.’ आम्हाला वाटलं, भरलेल्या पैशांतले निम्मे, म्हणजे तीस हजार कापले जातील. तो म्हणाला, एकूण भाड्याचे निम्मे, म्हणजे साठ हजार. म्हणजे तुम्ही भरले तेवढे सगळेच. ‘भाईसाहब, सबके लिए यही नियम है.’

दादा काही बोलला नाही. आईला जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. नुकतंच मुंडण झालेल्या डोक्याने कुणी काउंटरवर पैशांसाठी हुज्जत घालत नाही. आम्ही घरी परत आलो.

कार्य आम्ही रद्द केलं, आणि मालकांचा त्यात काही दोष नव्हता, हे मला आधी मान्य करायचं आहे. आमच्यासाठी त्यांनी एक तारीख राखून ठेवली, कदाचित दुसऱ्या कुणाला नाहीही म्हटलं असेल. त्यामुळे त्यांचं जे नुकसान झालं ते आम्ही भरून द्यायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की जेवढं झालं तेवढंच. रद्द केल्याची वजावट म्हणजे नुकसानभरपाई. तिला कमाईचं साधन करता येत नाही. आणि ही माझी भाबडी समजूत नाही, आपल्या देशाचा कायदा दीडशे वर्षांपासून हेच सांगतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम असं आहे: करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं करारात लिहिलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती ‘वाजवी भरपाई’, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. पावतीवरचे पन्नास टक्के म्हणजे जास्तीत जास्त किती मागता येईल याची रेषा. तेवढे आपोआप मालकाचे होत नाहीत. त्याच्या आधीच्या ७३ व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. नुकसान मोजताना, ते टाळण्याची कोणती साधनं हाताशी होती हेही बघायचं. हॉलच्या बाबतीत ते साधन सरळ आहे, तारीख दुसऱ्याला देणे. एक्कावन्न दिवस हातात असताना, वैशाखातल्या मुहूर्ताची तारीख, इंदुरात.

आपल्या भाषेत यातल्या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. घेणाऱ्याने शब्द मोडला की इसार बुडतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनाही मान्य होतं. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचाच काही भाग, आधी दिलेला. इंदुरात दोन्हींना सर्रास ‘बयाना’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात स्पष्ट केला. दिल्लीतल्या एका मालमत्तेचा १,१२,५०० रुपयांचा सौदा होता. घेणाऱ्याने एक हजार इसार दिला आणि नंतर किमतीपोटी चोवीस हजार. सौदा मोडला. करारात दोन्ही रकमा जप्त करण्याची मुभा लिहिलेली होती. न्यायालयाने एक हजाराची जप्ती मान्य केली, चोवीस हजारांची नाही. पंचवीसातले चोवीस भाग परत, केवळ इसार गेला. आमच्या पावतीवर इसार हा शब्दच नव्हता. ‘अग्रिम राशि’ असं छापलेलं होतं, म्हणजे भाड्याचाच भाग.

पुढे १९६९ मध्ये मौला बक्ष यांच्या खटल्यात तर समोर सरकारच होतं. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवण्याचा ठेका होता. पुरवठा वेळेवर झाला नाही, म्हणून सरकारने १८,५०० रुपयांची अनामत जप्त केली. न्यायालयाने विचारलं, नुकसान किती झालं ते दाखवा. दुसरीकडून माल जास्त भावाने घ्यावा लागला असेल तर त्याचा हिशेब सहज देता आला असता. सरकारने तो दिला नाही, आणि जप्ती टिकली नाही. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते मोजून दाखवावं लागतं, हा धडा तिथला.

आणि मला आमच्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचा वाटतो तो २०१५ चा निकाल, कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. भिकाजी कामा प्लेसमधल्या एका भूखंडाची ३.१२ कोटींची बोली, आणि त्यावर भरलेले ७८ लाख. सौदा फिसकटला, प्राधिकरणाने ७८ लाख जप्त केले. मग तोच भूखंड पुन्हा लिलावात काढला, आणि तो ११.७८ कोटींना गेला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, इथे नुकसान झालेलंच नाही, मग भरपाई कसली? पैसे परत करायला लावले. आमच्या सहकाऱ्याने त्या तारखेसाठी १,३५,००० रुपये भाडं दिलं होतं. आमच्यापेक्षा पंधरा हजार जास्त. त्याची पावती आम्ही रद्द केल्यानंतर नवव्या दिवशीची.

यावर हॉलवाले जे म्हणतात ते पोकळ नाही, ते ऐकून घ्यायला हवं. मुहूर्ताच्या तारखा मोजक्याच असतात. चातुर्मास, खरमास, गुरू-शुक्राचा अस्त वगळला तर वर्षातले फार थोडे दिवस हाती राहतात, आणि वर्षभराचं कर्ज, चौकीदाराचा पगार, महापालिकेचा कर, विजेचं बिल हे त्या थोड्या दिवसांवरच चालतं. आखातीजची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, तारीख चार दिवस आधी कुणी सोडली तर ती पुन्हा भरत नाही. अशा वेळी मालकाने संपूर्ण भाडं मागितलं तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन. शिवाय कायद्याचा त्यांचा एक मुद्दाही खरा आहे: नुकसान प्रत्यक्ष सिद्ध झालं नाही तरी भरपाई मिळू शकते, असे शब्द ७४ व्या कलमातच आहेत. पण न्यायालयांनी त्याचा अर्थ सांगून ठेवला आहे. जिथे नुकसानाचं मोजमापच करता येत नाही, तिथे आधी प्रामाणिक अंदाजाने ठरवलेली रक्कम मानावी. हॉलचं भाडं ही न मोजता येणारी गोष्ट नाही. बुकिंगच्या डायरीचं एक पान उघडलं की कळतं.

‘तुम्ही सही केली होती’ हे दुसरं उत्तर. केली होती. पण त्या काउंटरवर सहाव्या ओळीची चर्चा कोण करू शकतो? ओळ छापलेली, नियम सगळ्यांना एक, नाही पटलं तर तारीख दुसऱ्याला देतो, असा तो व्यवहार. शिवाय त्या ओळीत ‘राशि’ म्हणजे कोणती राशी हे लिहिलेलंच नाही. ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतात, त्याचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे न्यायालयांचं जुनं तत्त्व आहे, विमा पॉलिसीच्या खटल्यांत तर ते नेहमी लागतं. वाक्य त्यांनी छापलं. संदिग्धतेचा लाभही त्यांनीच घ्यायचा, हे चालणार नाही.

रेल्वेचं तिकीट रद्द केलं की वजावट होते, तिच्याबद्दल आपण कुरकुरतो, पण भांडत नाही. कारण गाडी सुटायला किती वेळ आहे त्यावर वजावट ठरते, आणि ती किती हे तिकीट काढण्याआधी कळतं. एक्कावन्न दिवस आधी आणि पाच दिवस आधी एकच नियम लावणं हाच मुळात अन्याय आहे.

आता आमच्या आचाऱ्याचं सांगतो. दीडशे पानांची ऑर्डर होती, दहा हजार आगाऊ दिले होते. मी फोन केला तेव्हा त्याने आधी आईची चौकशी केली, मग म्हणाला, ‘काका, मी बघून सांगतो.’ दोन दिवसांनी घरी आला. वहीच्या फाडलेल्या पानावर हिशेब होता. वाढप्यांपैकी दोघांना गावाहून यायला दिलेले बाराशे रुपये, ते परत मिळणार नाहीत. साजूक तूप घेतलं होतं, पण ते दुसऱ्या कार्यात लागेल, म्हणून त्याचे काही नाहीत. आठ हजार आठशे रुपये त्याने टेबलावर मोजून ठेवले. वहिनीने त्याला चहा दिला. त्याने ना ७४ वं कलम वाचलं होतं, ना कुठला निकाल. नुकसान म्हणजे काय आणि काय नाही, हे त्या एका पानावर लिहिलेलं होतं. रिंग रोडवरच्या वातानुकूलित ऑफिसात, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांना हे करता येत नाही असं मला कुणी सांगू नये.

करोनाच्या वेळची गोष्ट वेगळी होती, पण त्या वेळीच ही सवय मुरली असं मला वाटतं. मार्च २०२० पासून इंदुरात कर्फ्यू होता. त्या वर्षीची अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला आली आणि गेली, एकही मांडव पडला नाही. तिथे कुणीच काही रद्द केलं नव्हतं. करार पार पाडणंच अशक्य झालं होतं, आणि अशा करारासाठी त्याच कायद्यात ५६ वं कलम आहे. करार निरर्थक ठरतो, आणि ६५ व्या कलमाप्रमाणे घेतलेला लाभ परत करायचा असतो. कित्येक घरांना त्या वेळी ‘पुढच्या वर्षी अ‍ॅडजस्ट करू’ एवढंच ऐकायला मिळालं. त्यांनीही ते ऐकून घेतलं, कारण घरात आजारपण होतं, माणसं जात होती, आणि भाड्याचं कुणाला सुचत नव्हतं.

ऐकून घेण्याची ही सवय आपल्या मराठी घरांत फार खोल आहे. कार्य रद्द झालं म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी दुःखाचंच घडलेलं असतं. मृत्यू, आजारपण, मोडलेली सोयरीक. अशा वेळी पैशांवरून वाद घालणं आपल्याला अमंगळ वाटतं. लग्न मोडलेल्या मुलीचे वडील हॉलवर जाऊन हिशेब मागत नाहीत, कारण हिशेब मागायचा म्हणजे ती गोष्ट आणखी चार लोकांसमोर पुन्हा सांगायची. मला ही लाज कळते, मी स्वतः ती भोगली आहे. पण पन्नास टक्क्यांची ती ओळ या लाजेवरच उभी आहे. वाद घालणाऱ्याला थोडे परत द्यायचे, गप्प बसणाऱ्याचे पूर्ण ठेवायचे, असा व्यवहार चालतो, म्हणजे दुःखात जो जास्त बुडालेला असतो त्याचे जास्त पैसे जातात.

पत्रिका मिळाली त्या संध्याकाळी मी सहकाऱ्याला सगळं सांगितलं. तो बिचारा ओशाळला, त्याचा काहीही संबंध नसताना. त्याने आपल्या पावतीचा फोटो पाठवला, आणि तो वापरायला परवानगी दिली. मग मी हॉलला पत्र लिहिलं. तारीख पुन्हा भाड्याने गेली आहे, सोबत पत्रिका आणि पावतीची प्रत. आमच्यामुळे झालेल्या कागदपत्रांच्या कामाचे आणि त्रासाचे पाच हजार ठेवून पंचावन्न हजार पंधरा दिवसांत परत करावेत. जास्त नुकसान झालं असेल तर हिशेब द्यावा. घेतलेल्या रकमेची पक्की पावती द्यावी. भाषा साधी ठेवली, एकही कठोर शब्द वापरला नाही, आणि स्पीड पोस्टने पाठवलं. अकराव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. त्यांनी तीस हजार परत केले. उरलेल्या तीस हजारांचा हिशेब मागितला, तो आला नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तिथे काय होईल ते पुढे कळेल. पण पहिले तीस हजार केवळ एका पत्राने आले. दादा गप्प राहिला होता तेव्हा ते गेलेलेच होते.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, हे वाटतं तितकं अवघड नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हॉल दुसऱ्या गावी असला तरी. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असं नाही. दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, काही वेळा तेवढ्यानेच काम होतं. आणि बुकिंग करतानाच पैसे रोख देऊ नयेत. आमच्या वीस हजारांची कच्ची रसीद हीच आमची सगळ्यात लंगडी बाजू आहे.

याच कायद्याबद्दल माझी एक तक्रारही आहे. ‘अनुचित करार’ ही कल्पना या कायद्याने पहिल्यांदा आणली. झालेल्या नुकसानाच्या मानाने अवास्तव दंड लावणारा करार त्यात स्पष्टपणे येतो. आमच्या पावतीसाठीच लिहिल्यासारखं वाटावं असं ते कलम आहे. पण करार अनुचित ठरवून घ्यायचा असेल तर जिल्हा आयोगात जाता येत नाही, राज्य आयोगातच जावं लागतं. म्हणजे इंदूरच्या माणसाने तीस हजारांसाठी भोपाळ गाठायचं. जिल्ह्यात आपण सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापार प्रथा म्हणून तक्रार मांडू शकतो, मीही तशीच मांडली आहे. पण ज्या कलमाची सामान्य माणसाला सगळ्यात जास्त गरज, ते त्याच्यापासून एकशे नव्वद किलोमीटर लांब ठेवण्यात काय शहाणपण आहे? हा अधिकार जिल्हा आयोगांना मिळायला हवा.

आणि महापालिकेलाही यात करण्यासारखं आहे. लग्नकार्याच्या गार्डनला आणि हॉलला परवानगी देताना पार्किंग बघतात, आग विझवण्याची सोय बघतात. त्यातच एक अट घालावी: रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापले जातील याचा तक्ता काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावावा, आणि तारीख दुसऱ्याला गेली तर किरकोळ खर्च वगळून रक्कम परत करावी. तीन महिने आधी रद्द केलं तर नाममात्र, महिन्याच्या आत आलं तर निम्मे, शेवटच्या आठवड्यात पूर्ण. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. पायऱ्या मात्र हव्यात.

पण मी इतरांना सांगतो आहे, तर घरचंही सांगायला हवं. आमच्या मंडळाचा एक छोटा हॉल आहे. बारशी, डोहाळजेवणं, साठीशांत असली कार्यं तिथे होतात. मी त्या समितीवर सहा वर्षं आहे. आयोगाची तक्रार लिहून झाल्यावर एका रात्री मी आमचीच पावती काढून वाचली. शेवटची ओळ: ‘कोणत्याही कारणास्तव अनामत परत मिळणार नाही.’ ही ओळ आमच्यासमोर इतकी वर्षं होती, आणि माझ्यासह कुणालाही ती खुपली नव्हती. पुढच्या बैठकीत मी ती वाचून दाखवली. दोन ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं पडलं की लोक फायदा घेतील, उगाच तारखा अडवून ठेवतील. मी डायरी मागवली. गेल्या वर्षी दोन कार्यं रद्द झाली होती. त्यांतल्या एका तारखेला आम्ही दुसऱ्यांचं डोहाळजेवण घेतलं होतं, आणि पहिल्यांची साडेचार हजारांची अनामत आमच्या खात्यात तशीच होती. पहिलं कार्य होतं साठीशांतीचं. रद्द होण्याचं कारण डायरीत कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘यजमान आयसीयूत.’

त्यानंतर फार चर्चा झाली नाही. ओळ बदलायचं ठरलं, आणि ते पैसे परत करायचंही. रविवारी आमच्या खजिनदारांनी त्या घरी फोन लावला. मुलाने घेतला. पैसे परत द्यायचे आहेत, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.